पन्नाशीनंतर दातांना तारा: कॅप, ब्रिज, इम्प्लांट आधीच असलेल्यांनी अनुभव लिहा

दातांच्या तारांविषयी जी माहिती मिळते ती बहुतेक बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी असते. त्यांचे दात कोरे असतात. माझ्या तोंडात गेल्या तीस वर्षांचं काम आहे: खालच्या दोन दाढांना रूट कॅनाल करून बसवलेल्या कॅप, वरती तीन दातांचा ब्रिज, काही दाढांत भरलेली जुनी चांदी. आणि खालचे पुढचे दात दर वर्षी थोडे अधिक एकमेकांवर चढताहेत. वय ५७. चावताना वरचा एक दात खालच्यावर आपटतो, त्याची कड झिजली आहे. दाटीतली घाण ब्रशने निघत नाही, म्हणून तिथली हिरडी सतत सुजते. दिसण्याचा प्रश्नही आहेच, आणि तो मला कमी महत्त्वाचा वाटत नाही. मोकळेपणाने हसावंसं वाटायला वयाची अट नसावी.

वेगवेगळ्या दवाखान्यांत वेगवेगळी उत्तरं मिळाली. "या वयात कशाला?" "सगळ्या पुढच्या दातांना कॅप घालू, रांग सरळ दिसेल." "आधी ब्रिज कापावा लागेल." कॅपचं उत्तर मला मुळीच पटलेलं नाही. चांगले दात तासायचे, तेही फक्त रांग सरळ दिसावी म्हणून? तासलेलं इनॅमल परत येत नाही.

म्हणून ही विनंती. ज्यांच्या तोंडात आधीचं काम होतं आणि तरीही ज्यांनी दात सरळ करून घेतले, त्यांनी लिहा. मला सगळ्यात जास्त हवंय ते हे: कोणतं काम आधी झालं, कोणतं नंतर, आणि जुन्या कॅप-ब्रिजचं शेवटी काय झालं. ज्यांनी विचारपूर्वक नको म्हटलं त्यांनीही लिहा. खासगी दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

पुणे, ६१, निवृत्त शिक्षिका

ब्रिज कापावा लागेल असं ज्यांनी सांगितलं ते बरोबर असू शकतात, घाबरू नका. माझाही वरच्या डाव्या बाजूला तीन दातांचा ब्रिज होता. मधला दात नाही, शेजारच्या दोघांवर त्याचा भार. तिन्ही एकसंध असल्यामुळे त्यातला एकही सुटा सरकू शकत नाही, आणि माझा सुळा तर नेमका सरकवायचा होता. डॉक्टरांनी ब्रिज कापून काढला, दोन्ही दातांवर ॲक्रिलिकच्या तात्पुरत्या कॅप बसवल्या आणि मधली जागा रिकामी दिसू नये म्हणून तारेलाच एक खोटा दात अडकवला. उपचार संपल्यावर नवा ब्रिज. म्हणजे ब्रिजचा खर्च दुसऱ्यांदा. हा आकडा सुरुवातीलाच लिहून मागा. तारांचे डॉक्टर आपले पैसे सांगतात, कॅप-ब्रिज करणारे आपले. दोन्हींची बेरीज कुणी मांडून दाखवत नाही.

सुरुवातीला गाल आतून सोलवटून निघाला. दवाखान्यात मेण मिळतं, ते टोचणाऱ्या ब्रॅकेटवर (दाताला चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या छोट्या तुकड्यावर) दाबून बसवायचं. तारा घट्ट केल्या की दोन-तीन दिवस दात ठणकतात. तेव्हा मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. मी दातांच्या रंगाचे सिरॅमिकचे ब्रॅकेट घेतले. ते स्वतः पिवळे पडत नाहीत, पण त्यांच्यावरचे पारदर्शक रबर हळदीने लगेच पिवळेजर्द होतात. रोज आमटी-भाजी खाणाऱ्यांनी पारदर्शक रबर घेऊच नयेत. राखाडी घ्यावेत, किंवा बारीक तारेने बांधायला सांगावं.

माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "आता कुणाला दाखवायचेत?" मी म्हटलं, "मला चावायचंय."

ठाणे, ४९

माझी खालची पहिली दाढ पंचविशीतच काढली होती आणि ती जागा तशीच राहिली. इतक्या वर्षांत मागची दाढ पुढे कलंडली आणि वरची दाढ रिकाम्या जागेत खाली उतरली. इम्प्लांटची (हाडात बसवायच्या कृत्रिम दाताची) चौकशी केली तर एका ठिकाणी लगेच तारीख मिळाली. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरबाईंनी ओपीजी एक्स-रे (सगळे दात आणि जबडे एकत्र दाखवणारा) समोर धरून समजावलं, की इम्प्लांट थेट हाडाला चिकटतो. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ अस्थिबंध असतो आणि त्याच्यामुळेच दात सरकू शकतो. इम्प्लांटला तो नसतो, त्यामुळे एकदा बसवला की कितीही ताण दिला तरी तो तिथेच राहतो. तेव्हा आधी कलंडलेली दाढ उभी करायची, वरची दाढ वर ढकलायची, आणि मग योग्य मापाची जागा झाली की इम्प्लांट.

वरची दाढ सरकवायला आधार म्हणून हिरडीतून हाडात टायटॅनियमचे बारीक स्क्रू बसवले, जाडी दीड-दोन मिलिमीटर. ऐकायला भीती वाटते. प्रत्यक्षात तेवढीच जागा बधिर करतात आणि दाढ काढण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. काम झालं की स्क्रू काढून टाकतात. दाढ उभी राहिल्यावर जिथे कायम अन्न अडकायचं तिथे ब्रश पोहोचायला लागला, हा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा. इम्प्लांट होईपर्यंत त्या बाजूने नीट चावता येत नाही, ही तयारी ठेवा.

धागा सुरू करणारी

दोघांचेही मनापासून आभार. ब्रिजचं आता नीट कळलं. रूट कॅनाल झालेली दाढ "मेलेली" म्हणतात ना, मग ती सरकते का? आणि कॅपवर, चांदीवर ब्रॅकेट चिकटतं का?

नाशिक, दंततज्ज्ञ (ऑर्थोडॉन्टिक्स)

खुर्चीच्या या बाजूने लिहितो. रूट कॅनालमध्ये दाताच्या आतली नस काढतात. मुळाच्या बाहेरचा अस्थिबंध जिवंतच असतो. दात सरकतो तो त्याच्या जोरावर. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं. त्यामुळे रूट कॅनालची दाढ सरकते. मुळाशी जंतुसंसर्ग उरलेला नाही ना, एवढं मात्र एक्स-रेवर आधी पाहून घ्यायला हवं. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. मोठ्या वयात सुरुवात संथ होते, पण साठीतही दात सरकतात.

पोर्सिलिनच्या कॅपवर ब्रॅकेट साध्या पद्धतीने टिकत नाही. पृष्ठभाग खरवडून किंवा विशिष्ट आम्ल लावून वेगळं रसायन वापरावं लागतं, आणि ब्रॅकेट काढताना पोर्सिलिनचा कपचा उडू शकतो. म्हणून जुनी कॅप तशीही बदलायच्या अवस्थेत असेल तर मी तारा चालू असेपर्यंत तात्पुरती कॅप ठेवतो आणि पक्की शेवटी करायला सांगतो. दाढेवर कॅप किंवा मोठी चांदी असेल तर ब्रॅकेटऐवजी दाढेभोवती धातूचं कडं बसवता येतं. चांदी वरच्या चावायच्या भागात असेल तर काहीच अडचण नाही.

क्रम असा: आधी हिरड्या आणि कीड, मग तारा, पक्की कॅप-ब्रिज-इम्प्लांट सगळ्यात शेवटी. वय ५७ असो वा ७०, मी सर्वांत आधी हिरडीच्या खिशांची, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटींची, खोली मोजतो. हिरडीचा आजार चालू असताना दात सरकवले तर हाड झपाट्याने झिजतं, आणि ते भरून येत नाही.

आणखी एक, विशेषतः भगिनींसाठी. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइन घेत असाल, पूर्वी घेतलं असेल, तरी ते पहिल्याच भेटीत सांगा. ही औषधं हाडात वर्षानुवर्षं राहतात. दात सरकण्याचा वेग मंदावतो आणि दात काढायची वेळ आली तर जबड्यातली जखम न भरण्याचा धोका असतो, क्वचित पण गंभीर. रुग्ण ही गोळी "दाताशी काय संबंध" म्हणून सांगत नाहीत, आणि आमच्यातलेही सगळे विचारत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी आणि मधुमेहही सांगा. दुखलं तर पॅरासिटामॉल बरं. आयब्युप्रोफेनसारखी औषधं सतत घेतली तर दात सरकण्याची प्रक्रियाच मंदावू शकते.

चंद्रपूर, ५२

आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. लहानपणापासून दातांवर पांढरे-तपकिरी डाग, पुढच्या दोन दातांवर त्यासाठीच केलेलं कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं लुकण. अशा इनॅमलवर ब्रॅकेट नीट धरत नाही हे मला नागपूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात आधीच स्पष्ट सांगितलं. आम्ल जास्त वेळ लावून, पृष्ठभाग घासून ब्रॅकेट लावले, तरी काही सुटलेच. सुटलेलं ब्रॅकेट गिळू नका, डबीत घालून घेऊन जा. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जातो, रांगेत बसावं लागतं, पण खासगीतल्या खर्चाच्या मानाने मला ते परवडलं. प्रत्येक पायरी ते एकमेकांना समजावून सांगत, म्हणून मलाही कळत गेली. विदर्भातल्या, माझ्यासारखे दात असलेल्या लोकांनी हे आपल्याला जमणारच नाही असं समजू नये.

कोल्हापूर, आईच्या वतीने मुलगी

आई ६६ वर्षांची. तरुणपणापासून मिश्री लावायची. वरचे पुढचे दात गेल्या काही वर्षांत पंख्यासारखे पसरले, मधे फट पडली, आणि एक दात बोटाने हलायचा. आईचं म्हणणं, "दात हलत्यात, त्यात आणि तार कशाला? काढून कवळी बसवू." मला ते मान्य नव्हतं. हिरड्यांच्या डॉक्टरांनी आधी मिश्री बंद करायला लावली, खोल सफाई केली, साखर आटोक्यात आणायला फिजिशियनकडे पाठवलं आणि काही महिने नुसते थांबले. सूज उतरल्यावरच तारांच्या डॉक्टरांनी फक्त वरच्या पुढच्या दातांना हात घातला, तोही अगदी हलक्या जोराच्या तारेने. तो काळ दर तीन महिन्यांनी सफाई चालूच होती. फट मिटली. मग दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार कायमची चिकटवली. तिच्यामुळे दातांना एकमेकांचा आधार मिळाला.

मिश्री सुटली ती मात्र तारांमुळे नाही. ती सोडवायला आईला जेवढं झगडावं लागलं, त्यापुढे तारांचा त्रास काहीच नव्हता. घरोघरी आया-आज्या अजून ती लावतात. दात हलू लागायच्या आधीच त्यांना हिरड्या तपासायला न्या.

म्हापसा, गोवा, ५४

मी गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकांत काम करतो, त्यामुळे दिसणाऱ्या तारा नको होत्या. पारदर्शक ॲलायनर घेतले, म्हणजे दातांवर चढवायची, काढता-घालता येणारी प्लास्टिकची पातळ आवरणं. दिवसाचे २० ते २२ तास घालायचे, फक्त खाताना आणि पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचे. चहा दिवसातून किती वेळा होतो ते तेव्हा लक्षात आलं, कारण दर वेळी काढा, खा-प्या, दात घासा, परत घाला. मी चहा सकाळ-संध्याकाळच्या खाण्याबरोबर जोडून टाकला.

उच्चारांबद्दल कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. सुरुवातीला "स" आणि चमच्यातला "च" घसरायचा, "जहाज" तर स्पष्ट येईना. रोज मोठ्याने संवाद वाचल्यावर जीभ बसली. प्रयोगापुरते काढून ठेवत असे, डॉक्टरांना विचारूनच. दातांवर कंपोझिटचे छोटे उंचवटे चिकटवतात, ॲलायनरला पकड मिळावी म्हणून. माझ्या एका पोर्सिलिन कॅपवरचा उंचवटा वारंवार निघाला आणि तेवढा दात मागे राहिला. शेवटी नवीन स्कॅन करून पुढचे ॲलायनर बनवले. कॅप जास्त असतील तर ॲलायनर घेण्यापूर्वी हे विचारा. आणि प्रत्यक्ष तोंड तपासून, एक्स-रे काढूनच ॲलायनर देणाऱ्याकडे जा. घरी ठसा घेऊन परस्पर मागवू नका. कुठल्या दाताला ब्रिज आहे आणि कुठल्याचं हाड झिजलंय, ते ठशात दिसत नाही.

लीड्स, इंग्लंड, ५८

इथे एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) तारा मुख्यतः १८ वर्षांखालच्यांना, त्यामुळे खासगीतच. माझा एक जुना इम्प्लांट होता. तो हलणार नाही ही अडचण ठरेल असं वाटलं होतं, पण माझ्या बाबतीत तो सोयीच्या जागी होता. डॉक्टरांनी त्यालाच खुंट मानून बाकीचे दात ओढले. भारतात येऊन करावं असा विचार आधी केला होता. पण तारांना नियमित तपासणी लागते, सुट्टीत येऊन ते होत नाही. कॅप आणि इम्प्लांटचं एकवेळ जमेल.

सातारा, ७०

मी नको म्हटलं. माझ्या पुढच्या दातांची मुळं आखूड आहेत, हाड निम्म्याहून खाली गेलंय. तारांचा जोर त्यांना झेपणार नाही, असलेले दात हातचे जातील, असं दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे सांगितलं. नियमित सफाई, दातांच्या फटींत जाणारे बारीक ब्रश आणि रात्री घालायचा गार्ड एवढ्यावर मी समाधानी आहे. दात वाकडे आहेत, पण माझे आहेत.

दादर, ५९

माझं काम संपून काही वर्षं झाली, म्हणून नंतरचं लिहिते.

वर्षानुवर्षं एकमेकांवर चढलेले दात सरळ झाले की हिरडीजवळ त्यांच्यामध्ये छोटे काळे त्रिकोण दिसू शकतात. दाटीत झाकलेली हिरडीची झीज तेव्हा उघडी पडते. मला धक्का बसला होता. डॉक्टरांनी शेजारच्या दातांच्या कडा मिलिमीटरचा अंशभर घासून दात जवळ आणले, त्रिकोण पुष्कळ कमी झाले, पूर्ण गेले नाहीत. हे आधी विचारून ठेवा.

दुसरं, रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन. आपल्या वयात तो जन्मभर. माझ्या खालच्या दातांमागे चिकटवलेली तार आहे आणि वरती रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर. प्रवासात असताना मागची तार एका दातावरून सुटली. परत येऊन दाखवेपर्यंत तो दात डोळ्यांना कळेल इतका फिरला होता. तेव्हापासून रोज रात्री जिभेने तार चाचपून पाहते. पक्की कॅप किंवा ब्रिज झाला की रिटेनर नव्याने करून घ्यावा लागतो, कारण जुना त्या आकारावर बसत नाही. तो खर्च वरच्या पुण्याच्या ताईंनी सांगितलेल्या यादीत लिहून ठेवा. पारदर्शक रिटेनर गरम पाण्याने धुवू नका, प्लास्टिक वाकतं. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, ताटाबरोबर कचऱ्यात जातो. डबीतच ठेवा, आणि जमलं तर एक जोडी जास्तीची करून घरी ठेवा.