सरकारी नकाशांचा विदा: ‘मोफत’, ‘उपलब्ध’, ‘सार्वजनिक’, ‘मुक्त’ की ‘खुला’?

मेघना

गावांच्या हद्दी, नद्यानाले, रस्ते, समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या), पूररेषा असा सरकारी पैशातून तयार झालेला भौगोलिक विदा (डेटा) सर्वांना मिळावा, या मागणीच्या निवेदनाचा मराठी मसुदा चालू आहे. त्यात एकाच अर्थाने पाच शब्द आलेत: मोफत, उपलब्ध, सार्वजनिक, मुक्त, खुला. हे समानार्थी धरायचे का? नसतील तर शीर्षकात कोणता घ्यावा? आणि ‘विदा’ हा शब्द कार्यालयांत चालेल का?

समोच्च

समानार्थी धरू नका. प्रत्येक शब्दाने वेगळी गोष्ट मागितली जाते, आणि कार्यालय तेवढीच देऊन मोकळं होतं.

‘मोफत’ म्हणजे पैसे पडणार नाहीत, बस. भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ साली ‘नक्शे’ या संकेतस्थळावरून १:५०,००० प्रमाणाची स्थलनिर्देशक पत्रकं (टोपोशीट) मोफत दिली. पाऊल चांगलं होतं. पण आधार क्रमांक देऊन आत जायचं आणि हाती यायची पीडीएफ. पीडीएफमधली समोच्च रेषा डोळ्यांना दिसते, ती ६०० मीटरची आहे हे संगणकाला कळत नाही. उतार किंवा पाणलोटाची सीमा काढायची तर रेषा हाताने गिरवून तिला पुन्हा उंची द्यावी लागते. गिरवताना अर्धा मिलिमीटर चूक झाली की या प्रमाणावर जमिनीवरचे २५ मीटर गेले. मूळ रेषा अंकीय स्वरूपात असताना लोकांनी ती चित्रावरून परत गिरवायची, हा श्रमांचा निव्वळ नाश आहे.

‘उपलब्ध’ सगळ्यात फसवा. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची १५ फेब्रुवारी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. सार्वजनिक निधीतून झालेला, गोपनीय नसलेला भौगोलिक विदा भारतीय नागरिकांना आणि संस्थांना सहज उपलब्ध करावा, वापरावर निर्बंध नसावेत, असं त्यात म्हटलंय. मात्र लगेच पुढे: सरकारी यंत्रणांना विनाशुल्क, इतरांना वाजवी आणि पारदर्शक दराने. म्हणजे तुम्ही ‘उपलब्ध करा’ एवढंच मागितलंत, तर दरपत्रक लावूनही तुमची मागणी पूर्ण झाली असं म्हणता येतं. २८ डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणात असा विदा सर्वांच्या सामायिक मालकीची गोष्ट मानावा, हा फार मोलाचा विचार आहे. क्रियापद मात्र तिथेही ‘सहज उपलब्ध करणे’ हेच.

‘सार्वजनिक’ला मराठीत दोन अर्थ चिकटलेत. एक, सर्वांना दिसेल असा. सार्वजनिक सूचना असते तसा. दुसरा, ज्यावर कुणाचाच प्रताधिकार (कॉपीराइट) नाही असा. अमेरिकेत संघ सरकारच्या कामाला प्रताधिकारच नसतो (तिथल्या कायद्याच्या १७व्या भागाचं कलम १०५), म्हणून तिथले सरकारी नकाशे दुसऱ्या अर्थाने सार्वजनिक आहेत. आपल्याकडे प्रताधिकार अधिनियम १९५७ नुसार सरकारी कामाचा पहिला मालक सरकार, आणि मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षं. संकेतस्थळावर नकाशा लावला की तो पहिल्या अर्थाने सार्वजनिक होतो, दुसऱ्या अर्थाने नाही. निवेदनात हा शब्द ‘सार्वजनिक निधी’ एवढ्यापुरताच ठेवा.

हेमंत

मग ‘मुक्त’ का नको? मुक्त स्रोत, मुक्त विद्यापीठ, मुक्त विश्वकोश हे शब्द रुळलेत. वापरायचं, बदलायचं, पुढे वाटायचं स्वातंत्र्य त्यात येतं. ‘खुला’ म्हणजे नुसतं दार उघडं. आत जाऊन काय करायची परवानगी आहे ते कळत नाही. शिवाय ‘खुला’ म्हटलं की खुला प्रवर्ग आणि खुली जागा आठवते.

रेवती

हेमंत, तुमचा मुद्दा अर्थाच्या बाजूने बरोबर आहे. अडचण कार्यालयीन मराठीत आहे. तिथे ‘मुक्त’ म्हणजे एखाद्या गोष्टीतून सुटलेला: करमुक्त, भारमुक्त, अतिक्रमणमुक्त. ‘मुक्त विदा’ वाचून टिपणी लिहिणारा विचारणार, कशापासून मुक्त?

‘खुला’ घेण्याचं माझं कारण वेगळं आहे. २०१२ च्या राष्ट्रीय विदा सामायिकीकरण आणि प्रवेश धोरणात प्रवेशाच्या तीन पायऱ्या ठरवल्यात: खुला, नोंदणीकृत आणि प्रतिबंधित. खुल्या प्रवेशात नोंदणी किंवा परवानगी लागत नाही. नोंदणीकृत प्रवेशात आधी ओळख पटवायची. प्रतिबंधितला सरकारची मंजुरी. त्यामुळे ‘खुला’ लिहिलं की तुम्ही धोरणातली एक ठरलेली पायरी मागता. ‘आधार मागणारं संकेतस्थळ म्हणजे नोंदणीकृत प्रवेश झाला, आमची मागणी खुल्याची आहे’ असं बोट ठेवून सांगता येतं.

तुम्हाला हवं ते स्वातंत्र्य परवान्यातून येतं, आणि तो परवानाही तयार आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये अधिसूचित झालेला ‘सरकारी खुला विदा परवाना - भारत’. श्रेय दिलं की वापर, बदल, पुनर्प्रकाशन, व्यावसायिक उपयोग, सगळ्याला परवानगी, स्वामित्वशुल्क नाही. वैयक्तिक माहिती, राजचिन्हं, न वाटण्याजोगा विदा यांना तो लागू नाही. म्हणून शीर्षकात ‘खुला’, आणि मजकुरात परवान्याचं पूर्ण नाव. नुसतं ‘मुक्त परवान्याखाली’ लिहिलंत तर ‘केवळ अव्यावसायिक वापरासाठी’ अशी अट घातलेलं काहीतरी हाती येईल. त्या अटीचा विदा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात घालता येत नाही, वर्तमानपत्राला छापता येत नाही, छोट्या उद्योगाला वापरता येत नाही.

हेमंत

पायऱ्यांचा मुद्दा पटला. पण परवान्यावर एवढा भर द्यायची खरंच गरज आहे? फाईल हातात आली की लोक वापरतातच.

रेवती

घरापुरतं वापरतात. प्रकाशित करता येत नाही, आणि नकाशाचा उपयोग प्रकाशनातच आहे. पूररेषेचंच बघा. पाटबंधारे खातं दोन रेषा आखतं: निळी, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. माणसाचा प्रश्न साधा असतो, माझा गट निळ्या रेषेच्या आत आहे का? उत्तराला तीन थर लागतात. पूररेषा पाटबंधाऱ्याकडची, गटाच्या हद्दी भूमिअभिलेखकडच्या, जमिनीची उंची सर्वेक्षण विभागाकडची. तिन्ही एकमेकांवर ठेवून जो नकाशा होतो, त्याला तिघांतली सगळ्यात कडक अट लागते. दोन थर खुले आणि तिसरा ‘परवानगीशिवाय पुनर्प्रकाशन करू नये’ असेल, तर जोडनकाशा कपाटातच. म्हणून प्रत्येक थराचा परवाना वेगवेगळा नाव घेऊन मागायचा.

गटनंबर

‘विदा’बद्दल. मराठी संकेतस्थळांवर तो चांगला रुळलाय, परिभाषाकोशात ‘आधारसामग्री’ आहे, आणि टेबलावर प्रत्यक्षात चालतो तो ‘डेटा’. निवेदनात पहिल्यांदा ‘विदा (डेटा)’ लिहा, पुढे ‘विदा’. माहिती अधिकाराच्या अर्जात मात्र ‘माहिती’ हाच शब्द ठेवा, कारण अधिनियमाच्या कलम २(च) मधली व्याख्या ‘माहिती’ची आहे आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली आधारसामग्री तिच्यात येते.

निवेदनाबरोबर एक अर्जही टाकायचा असेल तर कलमं हाताशी असू द्या. कलम २(ञ) इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रत मिळण्याचा हक्क देतं. कलम ७(९) म्हणतं की मागितलेल्या स्वरूपातच माहिती द्यावी, अपवाद साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल तर. असलेली फाईल नकलून देण्यात तो ताण दाखवणं अवघड आहे. ‘प्रताधिकार आहे’ म्हणून नकार आला तर कलम ९ दाखवा: राज्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या प्रताधिकाराचा भंग होत असेल तरच त्या कलमाखाली नकार देता येतो. सरकारचा स्वतःचा प्रताधिकार हे कारण होत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.

पण अर्जाने प्रत मिळते, परवाना मिळत नाही. म्हणून अर्ज निवेदनाच्या जागी नको, जोडीला हवा.

आणि ‘आमच्या भागाचा नकाशा’ असं कधीच लिहू नका. पत्रक क्रमांक लिहा. पुणे शहर जुन्या पद्धतीने ४७ एफ/१४ या पत्रकात येतं, ‘खुली मालिका’ (ओपन सीरीज) या सर्वांसाठीच्या नव्या नकाशांच्या क्रमांकाने तेच ई४३एच१४. एक अंश बाय एक अंशाच्या चौकटीत १५ मिनिटांची १६ पत्रकं असतात. क्रमांक वरून खाली, मग उजवीकडच्या स्तंभात. म्हणून १४ म्हणजे चौथ्या स्तंभातलं दुसरं. अक्षांश-रेखांश ठाऊक असले की क्रमांक स्वतः काढता येतो.

मेघना

फार उपयोगी. आता स्वरूपाबद्दल. मसुद्यात ‘यंत्रवाचनीय स्वरूपात’ असं आहे. पुरेल?

समोच्च

शब्द योग्य, पण एकटा पुरणार नाही. पीडीएफही यंत्र वाचतं असं उत्तर येऊ शकतं. स्वरूपाचं नाव लिहा: जिओपॅकेज किंवा जिओजेसन, उंचीसाठी जिओटिफ. बहुतेक ठिकाणांहून शेपफाईल हे जुनं स्वरूप येईल. ती चालते, पण तिची दुखणी माहीत हवीत.

शेपफाईल एक नाही, जुडगा असतो. एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ या तीन फायली नसतील तर उघडतच नाही. चौथी पीआरजे, ती नसेल तर उघडते, पण निर्देशांक कोणत्या पद्धतीतले ते कळत नाही. पाचवी सीपीजी, अक्षरसंकेत सांगणारी. आपल्याकडे हीच हमखास गळते आणि देवनागरी गावांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा भलतीच चिन्हं दिसतात. मग स्तंभांची नावं: दहा अक्षरांपुढे कापली जातात, ‘लोकसंख्या पुरुष’ आणि ‘लोकसंख्या स्त्री’ दोन्हींचं शेपूट तुटून एकच नाव उरतं. म्हणून स्तंभांचा खुलासा वेगळा मागा.

निर्देशांक पद्धतीचं वाक्य तर टाळूच नका. जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती नमुन्यावर) आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या नमुन्यावर. जुने अंक तसेच जीपीएसच्या थरावर ठेवले तर महाराष्ट्रात सगळं शंभर मीटरच्या आसपास सरकतं. गटांच्या हद्दींना एवढी सरक म्हणजे एकाचं शेत दुसऱ्याच्या नावावर. यूटीएम (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणारी पद्धत) असेल तर पट्टा विचारा: ७८ अंश पूर्वेपर्यंत ४३ उत्तर, त्यापुढे ४४ उत्तर. पुणे, नाशिक ४३ मध्ये, नागपूर, चंद्रपूर ४४ मध्ये. ईपीएसजी क्रमांक, म्हणजे त्या निर्देशांक पद्धतीचा ठरलेला क्रमांक, मागितला (३२६४३, ३२६४४, अक्षांश-रेखांशांसाठी ४३२६) की वाद मिटतो.

गटनंबर

एक भर. गावांचे संकेतांक मागायला विसरू नका, जनगणना २०११ चा सहा अंकी आणि स्थानिक शासन निर्देशिकेचा, दोन्ही. नावावरून तक्ते जोडणं महाराष्ट्रात जमत नाही. वडगाव आणि पिंपळगाव जागोजागी, त्यात खुर्द आणि बुद्रुक. बुद्रुक कुठे ‘बु.’, कुठे ‘बु॥’, कुठे गायबच. माणसाला कळतं, संगणकाला ती चार वेगळी गावं.

हेमंत

दोन आक्षेप नक्की येतील: सुरक्षा आणि महसूल. त्यांना उत्तर देणारे शब्दही ठरवून ठेवू या.

रेवती

सुरक्षेबाबत ‘संवेदनशील’ हा शब्द मोघम वापरू देऊ नका. २०२१ च्या तत्त्वांत तो ठिकाणाशी जोडलेल्या गुणविशेषाला लागतो. अमुक तपशील नकाशावर दाखवू नये असं ठरवता येतं. त्यावरून अख्ख्या तालुक्याचा थर अडवणं बसत नाही. अचूकतेची मर्यादाही दिलेली आहे, आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटर. त्याहून बारीक विदा तयार करणं आणि बाळगणं फक्त भारतीयांना. १:५०,००० चा नकाशा त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. निवेदनात लिहा: ‘वगळलेला गुणविशेष आणि वगळण्याचं कारण थरागणिक नमूद करावं’.

महसुलाबाबत लँडसॅटचं उदाहरण पुरेसं आहे. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने २००८ मध्ये या उपग्रहांचा चित्रसंग्रह विनाशुल्क करायचं ठरवलं. त्याआधी लँडसॅट ७ च्या एका दृश्याला (उपग्रहाने टिपलेल्या एका चित्राला) ६०० डॉलर पडत. विक्रीच्या सगळ्यात चांगल्या वर्षी, २००१ मध्ये, सुमारे २५,००० दृश्यं खपली होती. शुल्क गेल्यावर दोनच वर्षांत वर्षाला दहा लाखांच्या वर दृश्यं उतरवली जाऊ लागली. जंगलतोड, पिकं, जलसाठे यांच्यावर तीस-चाळीस वर्षांचा सलग अभ्यास तेव्हा शक्य झाला, कारण एका जागेची शेकडो दृश्यं विकत घेणं आधी कुणाला परवडत नव्हतं. ब्रिटनमध्ये ऑर्डनन्स सर्व्हेने १ एप्रिल २०१० पासून काही थर खुले केले, त्यामागेही लोकांनी चार वर्षं चालवलेली मागणी होती.

मेघना

मग मुख्य वाक्य असं करते: ‘सार्वजनिक निधीतून तयार झालेला पुढील प्रत्येक थर, पूर्ण राज्याचा, खुल्या प्रवेशात, विनाशुल्क, शक्यतो जिओपॅकेज स्वरूपात, ईपीएसजी क्रमांक, सर्वेक्षणाची तारीख आणि गावांच्या संकेतांकांसह, सरकारी खुला विदा परवाना - भारत याखाली प्रकाशित करावा.’

गटनंबर

‘शक्यतो’ काढा, त्याने मागणीची इच्छा होते. आणि ‘प्रकाशित करावा’च्या पुढे ‘व दर सहा महिन्यांनी अद्ययावत करून जुनी आवृत्तीही ठेवावी’ जोडा. गावं विभागली जातात, तालुके नवे होतात. जुनी हद्द पुसली गेली तर मागच्या जनगणनेचे आकडे कोणत्या जमिनीचे, ते पुढे सांगता येत नाही.