बूट ऑर्डरला मराठीत काय लिहावं? (‘चालू होणे’ आणि ‘बूट होणे’ यातला फरक)

गावभाग
सांगलीत आमच्या वाचनालयात पोरांसाठी एक कॉम्प्युटर ठेवलाय, त्यात दोन हार्डडिस्क नि एक एसएसडी, एकावर विंडोज, एकावर उबुंटू आणि तिसरीवर नुसता डेटा म्हणजे स्कॅन केलेली जुनी मासिकं. होतं काय की कुणीतरी पेनड्राइव्ह लावून तसाच ठेवतं नाहीतर आतली वायर हलते आणि मग काळ्या स्क्रीनवर ती ओळ, ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. की मला फोन. म्हणून म्हटलं एक कागद लिहून मॉनिटरशेजारी चिकटवावा, आधी हे बघा मग ते बघा असा, साध्या मराठीत. पहिल्याच ओळीला अडलोय. बूट ऑर्डरला, म्हणजे विंडोज किंवा उबुंटू कुठल्या डिस्कवर आधी शोधायचं त्या क्रमाला, काय लिहू? ‘आरंभक्रम’ लिहिलं तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या हे प्रार्थनेचं आहे का. ‘बूट क्रम’ लिहिलं तर एक पोरगं विचारतंय चपला कुठं काढायच्या. ‘चालू होण्याचा क्रम’ म्हणावं तर कॉम्प्युटर चालू होतोच की, पंखा फिरतो, दिवा लागतो, फक्त पुढं जात नाही. तर चालू होणं वेगळं आणि बूट होणं वेगळं हे दाखवणारा शब्द आपल्याकडं आहे का?

अजिंक्यतारा पायथा
आरंभक्रम हा शब्द अगदी योग्य आहे, बदलू नका. बूट होणे म्हणजे आरंभण, बूट मेनू म्हणजे आरंभसूची, रीबूट म्हणजे पुनरारंभ. लोकांच्या कानाला सवय नाही म्हणून शब्द चुकीचा ठरत नसतो. दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही लोक हसलेच असतील, आज हसतं का कुणी? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? आणि आपण बसलोय बूट बूट करत.

स्क्रू ड्रायव्हर कराड
सर एकदा माझ्या दुकानात येऊन म्हणा की ‘माझा पुनरारंभ होत नाही’, मी तुम्हाला शेजारच्या दवाखान्यात पाठवतो 😀

गिऱ्हाईक काय म्हणतं सांगू का. चालू होईना म्हटलं की मी पॉवर सप्लाय बघतो. डिस्प्ले येईना म्हटलं की रॅम काढून खोडरबरानं पुसतो. आणि ‘मशीन उठंना’ म्हटलं की हार्डडिस्क बघतो. तीन दुखणी तीन शब्द, कुणी शिकवलेले नाहीत. गावभाग दादा, तुम्हाला फरक दाखवणारा शब्द पाहिजे ना, हा घ्या, उठणे. लिहा ‘मशीन कुठल्या डिस्कवरनं उठवायचं’, शाळेतलं पोरगं पण समजंल.

हळदीचा सौदा
उठणे सांगलीत चालायचं नाही. इथं माल उठतो. मशीन उठलं म्हटलं तर आमचे वडील पहिल्यांदा विचारतील, कितीला.

मेणवली घाट
मी भाषांतराचं काम करते आणि लिनक्स वापरते, म्हणून दोन गोष्टी. एक म्हणजे हा बूट पायातलाच. इंग्रजी बुटाला वरच्या कडेला ओढायला पट्टी असते, ती पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचं अशी तिकडची म्हण, त्यातनं हा शब्द आला. कारण पेच असा आहे की डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणायला आधी मेमरीत एक प्रोग्राम पाहिजे. तो कुठनं आणणार? म्हणून आधी एक बारीकसा प्रोग्राम असतो, तो जरा मोठ्याला ओढतो, तो त्याहून मोठ्याला. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतले जेमतेम ४४६ त्या पहिल्याच्या वाट्याला यायचे. तेव्हा ‘आरंभ’ म्हटलं की यातला सगळा पेचच जातो, आरंभ काय सभेचाही होतो.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडनं आपण शब्द घेतलाय त्यांचंही धड नाही. मायक्रोसॉफ्टच्या परिभाषेत ज्या पार्टिशनवरनं, म्हणजे डिस्कच्या ज्या भागावरनं, मशीन बूट होतं त्याचं नाव सिस्टीम पार्टिशन, आणि ज्यावर विंडोज सिस्टीम बसलेली असते त्याचं नाव बूट पार्टिशन. चक्क उलटं. मी एका भाषांतरात आहे तसं ठेवलं तर संपादकांनी ‘चूक’ म्हणून दोन्हीची अदलाबदल केली, मी परत फिरवलं, त्यांनी परत बदललं, आणि शेवटी छापताना दोन्हीकडं सिस्टीम पार्टिशन आलं.

येरळाकाठ
ताई हे तर आमच्या विहिरीवरचं झालं. पंपानं पाणी ओढायचं तर आधी पंपात पाणी भरावं लागतं. पाईपच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह गळका असला की रातभरात पाईप रिकामा, मग सकाळी बटण दाबा, मोटर फिरती झकास पण पाण्याचा पत्ता नाही. त्याला आम्ही ‘मोटर चालू हाय पण पाणी धरंना’ म्हणतो. मग कॉम्प्युटर चालू हाय पण विंडोज धरंना. गावभागना पाहिजे तेवढा फरक आला की यात.

मेणवली घाट
येरळाकाठ, हे फार म्हणजे फारच आवडलं. मी चोरणार.

अजिंक्यतारा पायथा
विहिरीवर ठीक आहे. छापील सूचनाफलकावर ‘धरंना’ लिहिणार का? उद्या ‘विंडोज मारली’ पण लिहाल.

स्क्रू ड्रायव्हर कराड
विंडोज मारलीच म्हणतात की. फॉरमॅट मारला, विंडोज मारली, वर अँटिव्हायरस मारला. यात काय चुकलं? फेरी मारतो, गप्पा मारतो, डुबकी मारतो, गाडीला किक मारतो, तिथं कोण मरत नाही.

पलूस फाटा
‘मारणे’ आमच्या भागात इंजिनावरनं आलं असणार. किर्लोस्करवाडी १९१० ला वसली तेव्हापासनं या पट्ट्यात घराघरात कोण ना कोण कारखान्यात, आणि ऑइल इंजिनला हँडल मारायचं हे लहानपणापासनं ऐकलेलं. हँडल मारलं की मशीन सुरू, तेच पुढं कॉम्प्युटरला लागलं. माझं मत.

मेणवली घाट
पलूस फाटा, पण ‘विंडोज मारली’ पुण्यात नि नागपुरातही म्हणतात, तिथं कुठं हँडल होतं.

पलूस फाटा
इंजिन तिथं पण गेलं होतं की ओ.

गावभाग
मंडळी सगळं वाचतोय, मजा येतीय, पण कागद अजून कोराच आहे. आणि आता एक नवीनच. परवा एक जुनी हार्डडिस्क आवाज करायला लागली म्हणून काढून ठेवली, तिच्यावर विंडोज नव्हतीच, नुसती मासिकं, त्यांची कॉपी आहे. विंडोज एसएसडीवर आहे हे मला पक्कं माहीत आहे. तरी ती डिस्क काढल्यापासनं विंडोज येत नाही, उबुंटू येतं. हे कसं काय?

स्क्रू ड्रायव्हर कराड
हे रोजचं दुखणं आहे. एसएसडीवर विंडोज मारताना ती जुनी डिस्क आत जोडलेलीच होती ना? त्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन, म्हणजे उठायच्या फायली ठेवायची जागा, होतं. विंडोजचा इन्स्टॉलर नवीन कशाला करा म्हणून उठायच्या फायली त्या जुन्यावरच टाकतो आणि बाकी सगळी विंडोज एसएसडीवर. म्हणजे घर एसएसडीवर, किल्ली जुन्या डिस्कवर. डिस्क काढली की किल्ली गेली.

आता विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावा, रिपेअरमधनं कमांड प्रॉम्प्ट उघडा, एसएसडीवर ईएफआयसाठी थोडी जागा काढून ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि बीसीडीबूट कमांडनं फायली तिथं टाका. भलतीच डिस्क फॉरमॅट होणार नाही एवढं बघा, आकार बघूनच हात लावा, नाव बघून नको. जमत नसंल तर जुनी डिस्क परत जोडा, तसंच चालतंय का बघा आणि मशीन घेऊन या. आणि पुढच्या वेळी विंडोज मारताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या साटा केबल काढून ठेवा. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, शब्द कुठला पण वापरा.

मेणवली घाट
हेच ते. सिस्टीम पार्टिशन एका डिस्कवर, बूट पार्टिशन दुसऱ्या. आणि नावं उलटी असल्यामुळे माणूस मदत शोधायला गेला की चुकीच्या पार्टिशनबद्दल वाचत बसतो. शब्द महत्त्वाचे नाहीत असं कुणी म्हणू नका.

अजून एक, उबुंटूच्या मेनूत विंडोजचं नाव दिसत नसेल तर घाबरू नका. तो मेनू दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब. त्याच्या २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, शेजारच्या डिस्कवरच्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो चालू करून मेनू पुन्हा तयार करायला लागतो. पण आधी किल्लीचं काम करा, ती नसेल तर शोधूनही काही सापडणार नाही.

अजिंक्यतारा पायथा
मूळ लेखात ‘एकावर विंडोज, तिसरीवर डेटा’ असं आहे. डिस्क स्त्रीलिंगी असेल तर ‘एकीवर’ पाहिजे. शब्द परका घेतला की लिंगाचा असा घोळ होतो, तबकडी म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता.

हळदीचा सौदा
डिस्क ती, ड्राइव्ह तो, मशीन ते. एकाच डब्यात तिन्ही लिंगं सुखानं नांदत्यात, तुम्हाला काय त्रास.

बरं मास्तर, ते बूट परका परका चाललंय तर मराठीत बूट निघतो त्याचं काय? ‘रविवारी कासला जायचा बूट निघाला’ म्हणतोच की आपण. काहीतरी सुरू व्हायच्या आधी बूट निघतो, मग कॉम्प्युटरचा निघाला तर काय बिघडलं.

अजिंक्यतारा पायथा
तो बूट निराळा. त्याचा अर्थ टूम, बेत. त्याचा पायताणाशी संबंध नाही.

पलूस फाटा
नाही कसा? सहलीला जायचं ठरलं की कपाटातनं बूट बाहेर काढतात, म्हणून बूट निघाला. सरळ आहे.

येरळाकाठ
आमची पणजी म्हणायची ‘ह्यो काय नवा बूट काढला रं’. तिनं जन्मात बूट घातला नव्हता, घरात कुणाच्याच पायात नव्हता. साहेबाचा बूट यायच्या आधीचा असणार हा शब्द.

पलूस फाटा
पणजीच्या काळात साहेब होताच की.

मेणवली घाट
मला फारसी ‘बुत’ची (मूर्ती) शंका येते पण अर्थ जुळत नाही. कुणाकडे जुना कोश असेल तर बघून सांगा, अंदाजानं नको. आणि अजिंक्यतारा सर, परिभाषेच्या विरोधात मी नाही हो, मी वाईची आहे, विश्वकोशाच्या गावची. विश्वकोशाचा परिभाषासंग्रह म्हणजे अठरावा खंड १९७३ ला निघाला आणि पहिला खंड १९७६ ला. आधी शब्द ठरवा मग लिहा, हे तर्कतीर्थांच्या मंडळींना कळत होतं. पण ती परिभाषा लिहिणाऱ्यांसाठी होती. इथं स्क्रीनवर इंग्रजीत ‘बूट’ लिहिलेलं असताना कागदावर ‘आरंभसूची’ असेल तर ते पोरगं स्क्रीनवर आरंभसूची शोधत बसेल.

हळदीचा सौदा
अठरावा आधी नि पहिला मागनं? म्हणजे विश्वकोशवाल्यांनी एफ१२ दाबून बूट ऑर्डर बदलली होती.

स्क्रू ड्रायव्हर कराड
बूट मेनूला एफ१२ सगळीकडं नसतं. डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयला एफ११, असूसच्या बोर्डाला एफ८. आणि त्या मेनूत निवडलेलं तेवढ्यापुरतंच असतं, कायमचं पाहिजे तर बायोसमध्येच, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्येच, जावं लागतं. पहिल्या नंबरला डिस्कचं नाव नको, ‘विंडोज बूट मॅनेजर’ ठेवा. ठेवलेलं सारखं बदलत असंल आणि तारीख पण मागं जात असंल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय, दुसरं काही नाही.

अजिंक्यतारा पायथा
पडदा इंग्रजीत आहे म्हणून कागदही इंग्रजीत, हा युक्तिवाद मान्य केला तर मराठीत काहीच लिहायला नको. कंसात मूळ शब्द द्यावा, आरंभसूची (बूट मेनू). दहा वर्षांनी कंस काढून टाकता येतो.

मेणवली घाट
कंस राहतो आणि बाहेरचा शब्द जातो, माझा अनुभव.

गावभाग
जुनी डिस्क जोडून बघितली, विंडोज आली!! कराडकर दादा आभार. आवाज अजून करतीय पण ती, एसएसडीवर किल्ली टाकायचं रविवारी बघतो. मग कागदावर शेवटी काय लिहू, उठणे, धरणे का बूट?

येरळाकाठ
धरणे. पण पलूसकडचे ‘पाणी पकडंना’ म्हणतात, ते नको.

पलूस फाटा
पकडंनाच बरोबर आहे. धरंना म्हणजे कपड्यानं रंग धरंना. पाणी पकडतं.

स्क्रू ड्रायव्हर कराड
आमच्याकडं ‘मोटरीनं पाणी सोडलं’ म्हणतात. आणि ते फूटव्हॉल्व्ह काय लावलंय मघापासनं, शेतकरी कोण म्हणतो फूटव्हॉल्व्ह? फुटबॉल म्हणतात. ‘फुटबॉल गळतोय.’

येरळाकाठ
व्हय व्हय फुटबॉलच, इथं लिहायचं म्हणून जरा शुद्ध लिहिलं.

अजिंक्यतारा पायथा
फुटबॉल हा अपभ्रंश आहे. व्हॉल्व्हला झडप हा शब्द रूढ आहे, त्यावरून पादझडप असा सोपा शब्द होतो.

हळदीचा सौदा
पादझडप!!! मास्तर हात जोडतो, दुकानात गिऱ्हाईक बसलंय, हसू आवरंना

स्क्रू ड्रायव्हर कराड
‘पादझडप गळतीय’ असं आमच्या आबांना म्हणून बघतो आज 😂

अजिंक्यतारा पायथा
हसण्यासारखं काही नाही. पाद म्हणजे पाय.