रि: कंट्रोलरची एकत्र ऑर्डर – आज रात्रीपर्यंत झोन कळवा

प्रेषक: खजिनदार

मंडळी, हवामान बघून बागेला आपोआप पाणी सोडणाऱ्या कंट्रोलरची यादी आज रात्री बंद करतोय. बऱ्याच जणांनी झोन (एका व्हॉल्व्हवर चालणारा बागेचा भाग) किती ते अजून कळवलेलं नाही. "मागच्यासारखंच" असं कृपया लिहू नका. मागची यादी जुन्या समितीकडे आहे आणि ती समिती फोन उचलत नाही. भिंतीवरच्या टायमरच्या डब्याचं झाकण उघडा, आकडे घातलेल्या ज्या खाचांत तार आहे तेवढे झोन. कॉमनची (सगळ्या व्हॉल्व्हना सामाईक) तार आणि मास्टर (मुख्य) व्हॉल्व्हची तार त्यात धरू नका. वायफाय तिथपर्यंत पोचतं का, हे फोन घेऊन डब्यापाशी उभं राहून बघा. सोफ्यावर बसून नाही.

---

प्रेषक: नाना

माझं नाव काढा. आणि मागच्या ऑर्डरीतला परत घेणार असाल तर तेही सांगा. हवामान बघून पाणी देतो म्हणे! आमचं बिल वाढलं. आधी लॉन पिवळं दिसायला लागलं की संध्याकाळी मीच पाइप धरून उभा राहायचो. आता हे महाशय पहाटे आम्ही झोपेत असताना सुटतात आणि सकाळी फुटपाथवरून ओघळ वाहत असतो. शेजारी येऊन बोलून गेले. बागेला स्मार्ट केलं, मालक मूर्ख ठरला.

---

प्रेषक: खजिनदार

नाना, परत करायची मुदत कधीच गेली. आणि खरेदी समितीचं काम खरेदीपुरतं. सेटिंगची जबाबदारी बाग समितीने घेतली होती, इतिवृत्तात आहे.

---

प्रेषक: बाग समिती (ताई)

> सेटिंगची जबाबदारी बाग समितीने घेतली होती

इतिवृत्तात "मार्गदर्शन" असा शब्द आहे. घरोघरी जाऊन प्रत्येकाचं ॲप उघडून देऊ असं कुणीही म्हटलेलं नाही. मार्गदर्शन झालं त्या दिवशी निम्मी मंडळी चहाच्या टेबलापाशी होती, हेही इतिवृत्तात घालायला हवं होतं.

नाना, ॲपमध्ये प्रत्येक झोनला "नोझल" (स्प्रिंकलरचं पाणी सोडणारं तोंड) असा रकाना आहे. तिथे काय आहे ते कळवा. आणि जमिनीतून वर येणारे तुमचे स्प्रिंकलर पंख्यासारखं एकदम फवारतात की बारीक धारा गोल फिरत जातात?

---

प्रेषक: नाना

रकान्यात "रोटरी" आहे. मी काही केलं नाही, तसंच आलं. आमचे पंख्यासारखे फवारणारे.

---

प्रेषक: अण्णा

मग झालं निदान. लांबण लावतो, पण यादीवर नाव घालणाऱ्या सगळ्यांनी वाचा.

कंट्रोलरला तुमचं लॉन दिसत नाही. ऊन, वारा, तापमान, हवेतली आर्द्रता घेऊन मातीतून आणि पानांतून किती पाणी उडालं असेल याचं तो गणित करतो. गणित पक्कं आहे, एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) १९९८ साली पिकांसाठी जी पद्धत प्रमाण म्हणून छापली त्याच घराण्यातलं. समजा उत्तर आलं की १० मिलिमीटर भरून काढायचेत. आता किती वेळ सोडायचं, हे तो तुम्ही भरलेल्या नोझलवरून ठरवतो. रोटरी, म्हणजे फिरत्या धारांची नोझल तासाला साधारण १० मिलिमीटर देते, म्हणून त्याने तासभर सोडलं. पण नानांकडची फवाऱ्याची नोझल तासाला ४० च्या आसपास ओतते! पंधरा मिनिटांचं काम तासभर चाललं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर लॉनला १,००० लिटर हवं होतं तिथे ४,००० गेलं, आणि तेही प्रत्येक पाळीला.

ओघळाचं कारण आणखी वेगळं. आपल्याकडची चिकण माती तासाला ५ मिलिमीटरच्या आसपासच पाणी पिते, वर उतार. नोझल बरोबर भरली तरी १५ मिनिटं सलग सोडलं तर निम्म्याहून जास्त पाणी फुटपाथचंच. त्यासाठी "सायकल अँड सोक" चालू करा. थोडा वेळ पाणी, मग जिरायला मोकळा वेळ, मग पुन्हा थोडं. वेळ तेवढाच, फक्त हप्त्याने.

आणि खजिनदार, नानांना उगाच खोटं पाडू नका. कॅलिफोर्नियात २००९ साली अशा कंट्रोलरांचा मोठा अभ्यास झाला, दोन हजारांवर जागा. सरासरी बचत सुमारे ६ टक्के निघाली, आणि ४० टक्क्यांहून जास्त ठिकाणी वापर चक्क वाढला. आधीपासून हात राखून पाणी देणाऱ्यांच्या बागेला हे यंत्र "पुरेसं" द्यायला लागतं. बचत झाली ती आधी बेसुमार सोडणाऱ्यांची. म्हणजे नानांसारख्या माणसाने हा घ्यायलाच नको होता. जो टायमर वसंतात लावून हिवाळ्यापर्यंत बघत नाही, त्याने जरूर घ्यावा. अशी मंडळी आपल्यात कोण आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

---

प्रेषक: माई

> जो टायमर वसंतात लावून हिवाळ्यापर्यंत बघत नाही

हा टोमणा आमच्या घराला असेल तर अण्णा, समोर येऊन बोला. भर पावसात आमचे फवारे चालू होते तो टायमरचा दोष नव्हता. ह्यांनी रेन सेन्सर गच्चीच्या पत्र्याखाली लावला होता. त्यातल्या चकत्या भिजून फुगल्या की फवारे बंद व्हायचे. चकत्याच कोरड्या, तर बंद कसे होणार?

माझ्या कुंड्यांना दोन लिटर ताशी ड्रिपर आणि साधा टायमर पुरतो. वायफाय लागत नाही. कुंड्यांवाल्यांनी या यादीत पडू नये असं माझं मत.

---

प्रेषक: खजिनदार

माई, ड्रिपचा धागा वेगळा काढा. इथे झोन.

---

प्रेषक: बाग समिती (ताई)

ड्रिप इथेच राहू दे, फुलझाडांचा झोन लॉनच्या झोनला जोडणारे निम्मे आहेत. ड्रिपर आणि फवारा एकाच व्हॉल्व्हवर असतील तर कुठलाही कंट्रोलर दोघांना न्याय देऊ शकत नाही. एक बुडतं, एक वाळतं. ते आधी वेगळं करा, मग स्मार्टचं बघू.

माझं मत पहिल्या मीटिंगपासून तेच आहे: आधी डबे, मग ऑर्डर. एकाच मापाचे, सरळ कडांचे डबे लॉनवर पसरून ठेवायचे, पंधरा मिनिटं फवारे सोडायचे, प्रत्येक डब्यात किती मिलिमीटर साचलं ते पट्टीने बघायचं. एकात ३ आणि दुसऱ्यात १२ निघाले, तर ३ वाला कोपरा हिरवा ठेवायला सगळ्या लॉनला चौपट पाजावं लागतं. हे स्प्रिंकलरच्या वाकड्या डोक्याचं आणि कचरा अडकलेल्या नोझलचं काम. ते सरळ करायला स्क्रूड्रायव्हर लागतो, ॲप नाही.

मंडळाचे डबे कुणाकडे आहेत?

---

प्रेषक: नाना

डबे सांस्कृतिक समितीने रंगवून नाटकात वापरले.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती

बाग समितीला विचारून घेतले होते.

---

प्रेषक: बाग समिती (ताई)

विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

---

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार, मी नुकतीच सभासद झाले. हवामानवाल्याऐवजी जमिनीत पुरायचा ओलाव्याचा सेन्सर घेतला तर? तो खरी माती बघतो ना? आणि सगळ्यात खालच्या स्प्रिंकलरभोवती आमच्याकडे कायम चिखल असतो, फवारे बंद असले तरी. त्यात कंट्रोलर काही करतो का?

---

प्रेषक: अण्णा

ओलाव्याचा सेन्सर चांगलाच. पण एकच पुरणार असाल तर लवकर सुकणाऱ्या, उन्हातल्या भागात, मुळांच्या खोलीला, आणि भोवतीची माती नीट दाबून. हवेची पोकळी राहिली की तो कायम "कोरडं" सांगत राहतो.

चिखलाचं मात्र कंट्रोलर काही करत नाही. कारणं दोन. पाळी संपली की पाइपातलं उरलेलं पाणी उताराने येऊन सगळ्यात खालच्या डोक्यातून बाहेर पडतं, त्याला चेक व्हॉल्व्हवालं (बंद असताना पाणी अडवणारं) डोकं बसवा. तरी चिखल राहिला तर झोनचा व्हॉल्व्ह गळतोय, आतल्या पडद्याखाली वाळूचा कण अडकला असेल. घरातले सगळे नळ बंद करून (मेन कॉक नाही) मीटरवरची छोटी चकती बघा. ती फिरत असेल तर गळती नक्की.

---

प्रेषक: नवीन सभासद

चकती फिरतेय, अगदी हळू. व्हॉल्व्ह आज उघडून बघू का?

---

प्रेषक: माई

आधी मेन कॉक बंद कर हो बाळ. अण्णांनी ते लिहिलं नाही. मग वरचे स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने सैल कर. आतली स्प्रिंग उडून गवतात गेली तर सापडत नाही. पडदा कसा बसलाय त्याचा फोटो काढून ठेव, उलटा बसला तर झोन बंदच होणार नाही.