शब्दचर्चा: ‘आउटलॉ’ला मराठीत काय म्हणावं?

तबकडीवाला:
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी अमेरिकन कंट्री संगीतावर लेख लिहितोय. विषय आहे आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीनं जानेवारी 1976 मध्ये काढलेली ‘वॉन्टेड! दि आउटलॉज’ ही एलपी. वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर असे चौघं, गाणी अकरा. मुखपृष्ठ जुन्या पश्चिमेतल्या इनामाच्या जाहिरातीसारखं. जुनाट तपकिरी कागद, वर ठळक अक्षरांत ‘वॉन्टेड’ आणि खाली चौघांचे फोटो.

गाडी शीर्षकापाशीच अडली आहे. संपादकांनी ‘फरारी गुन्हेगार’ सुचवलं. ते वाचून वाचक म्हणेल, यांनी बँक लुटली की काय? मी ‘बंडखोर’ लिहून ठेवलंय, पण तेही मनाला पटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सरळसोट:
बंडखोर. त्यात काय एवढं?

तबकडीवाला:
@सरळसोट, या लोकांचं भांडण नेमकं कशावरून होतं ते सांगतो, म्हणजे अडचण कळेल.

त्या काळी नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या पंढरीत, गायकानं यायचं, गायचं आणि घरी जायचं. गाणं कुठलं, वादक कोण, मागे व्हायोलिनं आणि कोरस किती, हे कंपनीचा निर्माता ठरवणार. वादकही शहरातले ठरलेले मोजके. सकाळी याच्या गाण्याला, दुपारी त्याच्या. आरसीएच्या गायकानं आरसीएच्याच स्टुडिओत, आरसीएच्याच तंत्रज्ञांकडून ध्वनिमुद्रण करून घ्यायचं असा दंडक होता. वेलनचा स्वतःचा वाद्यवृंद त्याच्याबरोबर गावोगाव फिरायचा, पण तबकडीवर वाजवायला दुसरेच. 1972 मध्ये त्यानं नील रेशन नावाचा न्यूयॉर्कचा खमक्या मॅनेजर गाठला. रेशननं कंपनीशी घासाघीस करून नवा करार पदरात पाडून घेतला. निर्मिती माझी, वादक माझे.

विली तर नॅशव्हिल सोडून टेक्सासला निघून गेला. 1975 मध्ये तिथल्याच गारलंडच्या स्टुडिओत त्यानं ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ ही तबकडी केली. गिटार, पियानो, माउथऑर्गन, ड्रम, अशी मोजकीच वाद्यं. त्याच्या कंपनीच्या, कोलंबियाच्या, साहेबांना ऐकून वाटलं, हा कच्चा खर्डा आहे, खरं काम अजून व्हायचंय. पण अंतिम शब्द विलीचा असं करारात लिहिलेलं. आहे तशीच बाजारात आली आणि कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

म्हणजे सगळी लढाई करारातल्या कलमांची. ‘बंडखोर’ म्हटलं की मशाली दिसायला लागतात. शिवाय हल्ली तो शब्द निवडणुकीत तिकीट न मिळालेल्यांच्या नावे जमा झालाय, ते वेगळंच.

कोशकीटक:
शेवटच्या वाक्याला +१. आता मूळ शब्दाकडे येऊ.

मध्ययुगीन इंग्लंडात आउटलॉ ठरवणं हा रीतसर निकाल असे. बोलावूनही न्यायसभेपुढे न येणाऱ्याला कायद्याच्या छत्राखालून बाहेर काढायचे. त्याची मालमत्ता जप्त, त्याला आसरा देणाराही दोषी, आणि त्याला मारलं तरी मारणाऱ्याला शिक्षा नाही. ‘त्याच्या धडावर लांडग्याचं डोकं आहे’ अशी तिथली कायद्याची लॅटिन म्हण होती. लांडगा दिसला की कुणीही मारावा, तसा हा. म्हणजे शब्दाचं मूळ बळ त्या माणसानं काय केलं यापेक्षा त्याला काय केलं यात आहे.

आपल्या शेजारी याला सख्खा भाऊ वाटेल असा शब्द आहे: सौराष्ट्रातला ‘बहारवटियो’. जमीन किंवा हक्क हिरावला म्हणून राज्याविरुद्ध वाटेबाहेर पडलेला माणूस. ‘बहारवटे चडवुं’ असा वाक्प्रयोगच आहे गुजरातीत. गुजराती लेखक झवेरचंद मेघाणींनी अशा माणसांच्या कथा गोळा केल्या आहेत. चंबळमध्ये लोक ‘बागी’ म्हणतात आणि पोलीस त्याच माणसाला ‘डाकू’ म्हणतात.

मराठीत? ‘पुंड’ आहे, ‘पुंडपाळेगार’ हा जोडशब्द जुन्या कागदपत्रांत भेटतो. पण आज ‘पुंडाई’ म्हटलं की नुसती दांडगाई उरते. मला वाटतं ‘बंडवाले’ जवळचा. उमाजी नाईकांना धरून देण्यासाठी इंग्रजांनी इनामाचे जाहीरनामे काढले आणि 1832 मध्ये पुण्यात त्यांना फाशी दिलं. 1879 मध्ये वासुदेव बळवंतांना पकडण्यासाठी बक्षीस लागलं, तेव्हा फडक्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नराच्या डोक्यावर बक्षीस लावलं! सरकारदरबारी दोघेही बंडवाले आणि दरोडेखोर. डोक्यावर इनाम असलेला आणि गावच्या पोवाड्यातही असलेला माणूस या शब्दात मावतो.

रानोमाळ:
‘बेरड’ कसा वाटतो? रांगडा आहे, ठसक्यात बोलता येतो.

कोशकीटक:
@रानोमाळ, तो नको. बेरड हे जमातीचं नाव आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो कायदा गेला, लोक ‘विमुक्त’ झाले, पण भाषेतली शिवी तशीच राहिली. नॅशव्हिलच्या चार गायकांना झोकदार नाव हवं म्हणून ती पुन्हा उगाळायचं कारण नाही.

रानोमाळ:
मान्य. मग ‘तडीपार’?

खाकी_निवृत्त:
तडीपार बसणार नाही. तडीपारीचा हुकूम निघालेल्या माणसाला कायदा पुरेपूर लागू असतो, म्हणून तर तो हद्दीत दिसला की उचलतात. जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदत असते, ती संपली की येतो परत. वर कोशकीटकांनी सांगितलेला माणूस आणि हा, दोन टोकं.

मुद्द्याचं सांगतो. शीर्षकातला अर्धा भाग तुम्ही सगळे सोडून बसलात. ‘वॉन्टेड’चं काय? आमच्याकडे त्याला ठरलेला शब्द आहे: ‘पाहिजे आरोपी’. ठाण्यात नोंदवही असते ‘पाहिजे व फरारी आरोपीं’ची. प्रेसनोटमध्येही तेच. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हसू येतं (‘पाहिजे कुणाला?’), पण मराठी पोलिसाच्या तोंडचा शब्द हाच. मुखपृष्ठावर इनामाचा कागद असेल तर वर ‘पाहिजेत’ एवढंच लिहा.

तबकडीवाला:
‘पाहिजेत’! वा, साहेब. आणि इंग्रजीतली गंमतही राहते: पोलिसांना पाहिजेत आणि गिऱ्हाइकांनाही.

आडवाट:
गिऱ्हाइकांचा विषय निघालाच आहे तर थोडं विरजण घालतो. ‘बंडवाले’ हा शब्द या चौघांनी स्वतः घेतलेला नाही, त्यांना चिकटवलेला आहे, हे लेखात आलंच पाहिजे.

वेलनची ‘लेडीज लव्ह आउटलॉज’ ही तबकडी 1972 मध्ये आली होती. टॉमपॉलच्या नॅशव्हिलमधल्या कचेरीत हेझल स्मिथ नावाच्या बाई प्रसिद्धीचं काम बघायच्या. सांगतात ते असं, की उत्तर कॅरोलायनातल्या एका रेडिओवाल्यानं त्यांना विचारलं, ‘या नव्या गाण्यांना म्हणायचं काय?’ बाईंनी शब्दकोश उघडला आणि ‘आउटलॉ’ पुढे केला. म्हणजे तबकडीवाल्यांनी आज इथे जे केलं, तेच.

पुढचं काम आरसीएच्या नॅशव्हिल शाखेचे प्रमुख जेरी ब्रॅडली यांचं. कंपनीकडे वेलनची गाणी होती, विलीची तो कोलंबियाकडे जाण्याआधीची जुनी गाणी कपाटात पडून होती. त्यांनी ती काढली, जोडीला जेसी आणि टॉमपॉलची घातली, इनामाच्या कागदाचं मुखपृष्ठ चढवलं आणि ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या चेट फ्लिपोकडून मलपृष्ठाचा मजकूर लिहून घेतला. बहुतेक माल आधी कधी ना कधी विकलेलाच. ‘गुड हार्टेड वुमन’ हे सगळ्यात गाजलेलं युगुलगीत घ्या. मैफलीतली गर्दी ऐकू येते, दोघं समोरासमोर उभे राहून गातायत असं वाटतं. प्रत्यक्षात मंचावर एकटा वेलन होता. विलीचा आवाज नंतर स्टुडिओत चढवलाय. हे कळल्यावर मुद्दाम कान देऊन पुन्हा ऐकलं, तरी सांधा सापडत नाही.

आणि स्वागत? कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक, पॉपच्या यादीत थेट दहावा. अमेरिकेत दहा लाखांच्या खपासाठी प्लॅटिनम हा किताब त्याच वर्षी सुरू झाला होता. तो मिळवणारी कंट्रीतली पहिली तबकडी हीच. वर कंट्री म्युझिक असोसिएशनची 1976 ची पारितोषिकं: उत्कृष्ट अल्बम, ‘गुड हार्टेड वुमन’ला उत्कृष्ट सिंगल आणि वेलन-विलीला उत्कृष्ट जोडी. ज्या नॅशव्हिलविरुद्ध बंड, त्याच नॅशव्हिलनं हार घातले. कंपनीचा दंडक मोडणाऱ्यांना कंपनीनंच ‘बंडवाले’ म्हणून विकलं.

माझा आक्षेप गाण्यांवर नाही. वेलनच्या आवाजातलं ‘हॉन्की टॉन्क हीरोज’ अजून अंगावर येतं. पण शब्द निवडताना उमाजी नाईकांच्या पंगतीला या मंडळींना बसवू नका.

कोशकीटक:
@आडवाट, पंगतीला कुणी बसवत नाही. मूळ इंग्रजी शब्दही इथे थट्टेनंच वापरलाय ना? मग मराठी शब्दाला थट्टेचं वावडं कशाला?

आडवाट:
थट्टा खरीच, पण वेलनच्या अंगाशी आली. 1977 मध्ये कोकेनच्या प्रकरणात त्याच्याकडे पोलीस आले. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण त्यावरून त्यानं 1978 मध्ये गाणंच लिहिलं. त्याच्या लांबलचक शीर्षकाचा अर्थ असा, की हे आउटलॉचं प्रकरण जरा हाताबाहेरच गेलंय, नाही का? खाकी साहेबांच्या नोंदवहीत शिरायची वेळ आली म्हणा.

सरळसोट:
अवांतर: ‘कंट्री’ला काय लिहिणार? ग्रामीण संगीत?

तबकडीवाला:
कंट्रीच लिहिणार. ‘ग्रामीण’ म्हटलं की जात्यावरची ओवी डोळ्यांपुढे येते. हा तर विद्युत गिटार आणि रेडिओचा धंदा. गझलला आपण गझलच म्हणतो. त्याच न्यायानं प्रकाराचं नाव म्हणून ‘आउटलॉ कंट्री’ तसंच राहील. पहिल्या उल्लेखाला शीर्षकाचा मराठी अर्थ देईन: ‘पाहिजेत: बंडवाले’. आडवाट यांचा मुद्दा लगेच खालच्या परिच्छेदात, हेझल स्मिथच्या शब्दकोशासकट.

पैठणी_ब्लूज:
उशिरा आले, पण एक शंका. चौघांत जेसी कोल्टर ही एकटी बाई. ‘बंडवाले’त ती दिसत नाही. आणि खरं तर लुटारूचं नाव लावून फिरणारी तीच! तिचं मूळ नाव मिरियम जॉन्सन. घराण्यात कुणी कोल्टर होता, तो जेसी जेम्स या नामचीन अमेरिकन दरोडेखोराच्या टोळीत होता असं सांगत; त्याच्यावरून तिनं हे नाव घेतलं.

तबकडीवाला:
@पैठणी_ब्लूज, हे भारी आहे, लेखात घेतो. पण ‘बंडवाले आणि बंडवाली’ केलं तर शीर्षक ढिलं पडतं. ‘पाहिजेत: चार बंडवाले’?

कोशकीटक:
‘चार’ नको, मूळ शीर्षकात आकडा नाही. ‘बंडवाले’ अनेकवचनी आहे, ‘गावकरी’ म्हटल्यावर गावातल्या बायका येतात तशी ती त्यात येते.

पैठणी_ब्लूज:
येते म्हणता, पण ग्रामसभेच्या फोटोत बघा किती येतात ते. निदान फोटोखालच्या ओळीत तिचं नाव पहिलं टाका.

तबकडीवाला:
टाकतो.