बंदचे दोन दिवस, नातवंडं आणि पार्किंगमधली कुत्री

सचिव: उद्या-परवा बंद. जमावबंदी आहे, संचारबंदी नाही. म्हणजे पाच-सहा जणांनी गेटवर घोळका करून उभं राहू नका, पण दूध, औषध, दवाखाना यासाठी जाता येतं. नेट गेलं तर सोसायटीचा हा ग्रुपही गेला, मग सूचना लिफ्टशेजारच्या फळ्यावर बघा. फोनवरून पैसे जाणार नाहीत, घरात सुट्टे ठेवा.

ए-३०२: बहुतेक घरी नातवंडं आलीत. लेकरांना खाली सोडायचं का नाही? कुत्र्यांची भीती वाटते.

बी-१०४: सोडा काकू, पण वेळ बघून. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मटणाची दुकानं बंद म्हणजे कुत्र्यांचं खाणं बंद. उपाशी कुत्री आपल्या कचऱ्याच्या डब्यावर येतात, पलीकडच्या गल्लीतली नवी दोन-चार घुसतात आणि भांडणं लागतात. आपली पाच ओळखीची आहेत हे खरं, पण भांडणात सापडलेल्या लेकराला ओळख कामी येत नाही. तेव्हा लेकरं उतरायच्या आधी त्यांची पोटं भरलेली पाहिजेत. सकाळी सहा आणि रात्री साडेनऊ, पंपाच्या खोलीमागं. प्रत्येकाला दोन ज्वारीच्या भाकरी, साध्या वरणात कुस्करून. फोडणीचं वरण नको, कांदा-लसूण त्यांना बाधतो. शिजलेली कोंबडीची हाडंही नकोत, काड्यांसारखी फुटून आतड्यात टोचतात. पाच ठिकाणी, चार-चार पावलांवर ठेवा. एकाच ताटात टाकलं की गुरगुर सुरू. उरलेलं अर्ध्या तासात उचला.

सी-२०१: त्यापेक्षा खाऊ घालणंच बंद करा ना.

सचिव: ताई, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालायची जागा आणि वेळ सोसायटीनंच ठरवायची असते. लेकरांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, गेटपासून लांब. हाकलून देता येत नाही. चौघांचे कान कापलेत, म्हणजे नसबंदी झालेली आहे. पाचवी राहिली, ती आता व्यालीय.

बी-१०४: खरा धोका तिथंच आहे. मीटरच्या खोलीमागं पिलं आहेत. लेकरू पिलू उचलतं आणि कुत्री मागून येते. तिकडं दोरी बांधा आणि लेकरांना आजच सांगून ठेवा: कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, हात अंगाशी घेऊन हळूहळू मागं सरकायचं.

ए-५०३ (डॉक्टर): चावलंच तर पहिलं काम नळाखाली. साबण लावून १५ मिनिटं, घड्याळ लावून. बारीक धारेलाही २०-२५ लिटर पाणी जातं, आणि बंदमुळं टँकर चुकला तर टाकी कोरडी. म्हणून प्रत्येक मजल्यावर एक जार राखून ठेवा. जखमेवर तिखट, हळद, चुना, तेल काही नको, पट्टीही घट्ट नको. रक्त आलेला ओरखडासुद्धा चावाच धरायचा. त्याच दिवशी घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात न्या, गाडी नसेल तर १०८. रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दंडाच्या त्वचेत, ० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, शक्यतो पहिल्याच दिवशी, फार तर पहिल्या डोसनंतर ७ दिवसांच्या आत. नातवंडांची गोची २८ व्या दिवसाची: तोवर ती पुण्याला परतलेली असतात आणि डोस राहून जातो. कार्डाचा फोटो आई-बापाला पाठवा, मूळ कार्ड लेकराच्या बॅगेत. पुढचा डोस तिकडच्या सरकारी दवाखान्यात घेता येतो. आणि ‘आपल्या कुत्र्याला लस दिलीय’ म्हणून थांबू नका. चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा.

बी-४०२: आमच्याकडं लेकीबरोबर लॅब्राडॉर येतोय. त्याचं काय?

बी-१०४: सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतरच फिरवा. हाताची मागची बाजू फरशीवर ठेवा, पाच आकडे मोजेपर्यंत टिकत नसेल तर पंजेही टिकणार नाहीत. धाप थांबेना, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल झोकांडी असं दिसलं की पोटावर, पायांवर साधं पाणी आणि पंखा, आणि लगेच जनावरांचा दवाखाना. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. फटाके, सायरन वाजले तर आतल्या खोलीत कूलर लावून ठेवा, दार बंद. घाबरलेलं कुत्रं पट्टा सोडवून पळतं, म्हणून गळ्यातल्या बिल्ल्यावर पुण्याचा नाही, तुमचा इथला नंबर लिहा.

ए-३०२: आमरसाचे दिवस आहेत, कोयी त्याला चालतात का चघळायला?

ए-५०३ (डॉक्टर): अजिबात नाही. कोय गिळली तर आतड्यात अडकू शकते, मग बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. मनुका, चॉकलेट, आजोबांच्या बीपीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या, सगळं वर ठेवा.

सी-२०१: मग पंपामागं रात्रीच्या भाकरी मी आणते. ताटल्या कोण धुणार ते आत्ताच ठरवा.

सचिव: वॉचमनला सांगतो. मीटरखोलीला दोरीही आजच बांधतो.