बी.एड. आंतरवासिता: सहावी-सातवी एकाच खोलीत, टाचण कसं बसवायचं?

पांढरकवडा_बीएड (प्रश्न)

नमस्कार. द्वितीय वर्षाच्या छात्राध्यापकांना आंतरवासितेला (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाला) १६ आठवड्यांसाठी केळापूर, झरी जामणी भागातल्या जि.प. शाळांत पाठवायचं आहे. वर्ग पहिली ते सातवी, शिक्षक चार, म्हणजे सहावी-सातवी एकत्रच बसते. आमचं टाचण (पाठाचं लेखी नियोजन) मात्र एक वर्ग, एक घटक असंच. सूक्ष्म अध्यापनाचं (छोटा पाठ, शेरा, सुधारून पुन्हा तोच पाठ) ३६ मिनिटांचं चक्र नीट पार पाडलेले विद्यार्थीही अशा खोलीत गडबडतात. काय बदलावं? सोबत दोन एम.एड.चे विद्यार्थी आहेत, त्यांना प्रशासनाचं कोणतं काम द्यावं तेही सांगा.

गणितवाला_वर्धा

सूक्ष्म अध्यापनात एका वेळी एकच कौशल्य आणि समोर सहाध्यायी. दुसरा गट हाताशी नसतो, त्यामुळे नजर दोन ठिकाणी ठेवायचा सराव होतच नाही. जाण्याआधी महाविद्यालयात किमान तीन पाठ दोन गट बसवूनच घ्या.

टाचणाचं पान उभं दुभागा: डावीकडे सहावी, उजवीकडे सातवी, मध्ये मिनिटं. सुरुवात एकाच मुळाच्या घटकांनी करा. पूर्णांक संख्या घ्या: सहावीला बेरीज-वजाबाकी, सातवीला गुणाकार-भागाकार. ४० मिनिटांत पहिली ५ मिनिटं दोघांना मिळून संख्यारेषा. पुढची १२ मिनिटं सातवीला शिकवणं, तेव्हा सहावी कालच्या घटकाचा लेखी सराव करते. मग १२ मिनिटं उलट. ८ मिनिटं गटागटात फिरून वह्या पाहणं, शेवटची ३ मिनिटं दोन्ही वर्गांना एकेक तोंडी प्रश्न.

बिघडतं ते लेखी कामाच्या गटात. "फळ्यावरचं उतरवा" असं दिलं की ते सहा मिनिटांत संपतं आणि कलकलाट सुरू. म्हणून काम दोन टप्प्यांचं द्या, पहिला सगळ्यांना, दुसरा लवकर उरकणाऱ्यांना. आणि नवीन घटक लेखी गटाला कधीच नको. मुलं अडली की शिकवणाऱ्याचं बोट धरतात, दोन्ही वर्ग बुडतात. फळे समोरासमोरच्या भिंतींवर असले तर गट पाठीला पाठ लावून बसवा. टिनाचं छत असेल तर पावसाळ्यात तोंडी पाठ ऐकूच येत नाही, रोज एक लेखी पाठ राखीव ठेवा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

टाचणाआधी तारखा बघा, मॅडम. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते. दिवाळीनंतर कापूस वेचणीला घरची माणसं जातात, मोठी मुलंही जातात, सातवीची हजेरी उतरते. त्यामुळे जुलैच्या सुरुवातीला रुजू करा, १६ आठवडे ऑक्टोबरच्या अखेरीस भरतात. पहिला आठवडा पाठ नको, फक्त निरीक्षण आणि हजेरीपट.

दुसरं, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांचं पत्र हातात घेऊन मगच पाठवा. शिक्षक प्रशिक्षणाला गेले की मुख्याध्यापक छात्राध्यापकाला दिवसभर पहिलीवर बसवतात. त्यांची अडचण खरी आहे, पण त्याने पाठ भरत नाहीत. बी.एड.वाला आता पहिली ते पाचवीच्या पदाला पात्र नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालाने स्पष्ट झालंय. म्हणून नोंदवहीत सहावीच्या पुढचेच पाठ धरावेत, हे पत्रातच लिहून घ्या.

एम.एड.च्या दोघांना भाषणं नकोत, वह्या द्या. पोषण आहाराचा ताळमेळ: पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. हजेरी ५८ आणि ४२ असेल तर ५.८ आणि ६.३, मिळून १२.१ किलो. रोजची हजेरी, शिजवलेलं आणि शिल्लक हे तीन आकडे जुळवून दाखवायचे. न जुळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तांदूळ सकाळच्या पटावरून मोजला जातो, हजेरी नंतर भरली जाते.

मग शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हवेत. कागदावर असतात, बैठकीला किती येतात, कोणत्या वेळी बोलावलं तर येतात, हे शोधून काढायला सांगा. मजुरीला जाणाऱ्या बायांना सकाळी ११ ची बैठक जमणार नाही.

पांढरकवडा_बीएड

सर, तारखांचं पटलं. पण मार्गदर्शक प्राध्यापक आठवड्यातून एकदाच पोहोचतात, पाठाला शेरा कोण देणार?

गणितवाला_वर्धा

शाळेतला शिक्षक देईल, पण चार पानी निरीक्षण तक्ता दिला तर तो शनिवारी एकदम भरेल, सगळीकडे "चांगले". एका पानावर तीनच रकाने ठेवा: लेखी गट किती मिनिटं रिकामा होता, प्रश्न कोणत्या मुलांना गेले, उद्या काय बदलायचं. शेरा त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आधी. आणि कोलाम पोडावरची (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची) मुलं असतील तर दुसऱ्या रकान्यात नावं लिहायला लावा. प्रश्न पुढच्या दोन बाकांच्या पलीकडे जात नाही, हे तिथेच उघडं पडतं.