मदत हवी आहे : चाबो बँटमच्या अंड्यांतून पुरेशी पिल्ले निघत नाहीत

गोदाकाठ :
नमस्कार. म्हसरूळला घराच्या गच्चीवर चाबो, म्हणजेच जपानी बँटम या बुटक्या जातीच्या कोंबड्या पाळायला यंदाच सुरुवात केली आहे. कोंबडा आणि तलंगा (तरुण कोंबड्या) निरोगी आहेत, खाणेपिणे व्यवस्थित आहे, अंडीही मिळतात. तरीसुद्धा उबवणी यंत्रात ठेवलेल्या अंड्यांपैकी निम्म्यांतूनही पिल्ले बाहेर आली नाहीत. पुढची अंडी साठवलेली आहेत आणि ती रविवारी यंत्रात ठेवावीच लागतील. तेव्हा नवे यंत्र कोणते घ्यावे, एवढेच कृपया सांगावे. हा नाद सोडून देण्याचा सल्ला घरातून रोज मिळतो आहे, तो येथे नको.

सिन्नरकर :
सध्याचे यंत्र कोणते आहे, त्यात पंखा आहे की नाही, तापमान किती ठेवता आणि तापमापक नेमका कोठे टांगला आहे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर यंत्र बदलायला सांगणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे.

अंगणातली :
यंत्राची गरजच काय? एखादी खुडूक झालेली गावरान कोंबडी आणा, डालग्यात भुसा घालून ही अंडी तिच्याखाली बसवा आणि विसरून जा. आमच्याकडे देवळालीला आजही हीच पद्धत आहे आणि वीज गेली तरी कोंबडी काही थंड पडत नाही.

द्राक्षबाग :
बँटमची चिमुकली अंडी बाजारात कोण घेणार? त्यापेक्षा गिरिराज किंवा कडकनाथ पाळावेत. निफाड भागात बागेच्या कडेला असे पक्षी पाळणारे पुष्कळ आहेत आणि गिरिराजच्या नराला मांसासाठी गिऱ्हाईकही लवकर मिळते.

गोदाकाठ :
मी विक्रीसाठी पाळत नाही. यंत्र थर्माकोलच्या पेटीचे आहे, पंखा नाही, तापमान ३७.५ अंश ठेवतो, तापमापक झाकणाला टांगलेला आहे आणि पाण्याची दोन्ही भांडी कायम भरलेली असतात. माहितीपत्रकात लिहिले आहे तसेच सगळे केले आहे. आता यंत्राचे सांगा.

सिन्नरकर :
३७.५ अंश हे आकडे पंख्याच्या यंत्रासाठी असतात. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर साचते आणि तळाशी गारवा राहतो, म्हणून तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९ अंश तापमान लागते. झाकणाला टांगलेला तापमापक वरच्या हवेचे तापमान दाखवतो आणि बँटमची अंडी लहान असल्यामुळे नेहमीच्या अंड्यांपेक्षाही खाली राहतात. म्हणजे आपल्या अंड्यांना प्रत्यक्षात ३७.५ अंशही मिळत नसावेत. तापमापक अंड्यांच्या माथ्याच्या पातळीला आणा. शिवाय श्रावणात नाशिकची हवा आधीच ओली असते, त्यात दोन्ही भांडी भरली तर अंड्यातले पाणी उडून जात नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतच गुदमरते.

उबवणी :
पाणी कमी करण्याचा सल्ला मला मान्य नाही. आर्द्रता कमी झाली की आतला पडदा वाळून पिल्लाला चिकटतो, आणि मी तर पहिल्या दिवसापासून भांडी भरूनच ठेवतो.

सिन्नरकर :
आपण ते उन्हाळ्यात करत असाल तर योग्यच आहे. पावसाळ्यात खोलीचीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, तेव्हा भांडे कशासाठी भरायचे? वाद घालण्यापेक्षा अंडी वजन करून पाहावीत. १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटले पाहिजे. ३० ग्रॅमच्या अंड्यासाठी ही घट साडेतीन ग्रॅमच्या आसपास होते आणि सोनाराच्या लहान काट्यावर ती सहज कळते. घट कमी असेल तर पाणी काढा, जास्त असेल तर घाला. शेवटच्या तीन दिवसांत मात्र आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवीच, एवढे आपले म्हणणे खरे आहे.

निवृत्त पर्यवेक्षक :
पशुसंवर्धन खात्यात नोकरी झाली आहे, म्हणून यंत्राआधी दोन गोष्टी विचारतो. न फुटलेली अंडी फोडून पाहिली का, आणि त्यांत काय दिसले? दुसरे, कोंबडा आणि तलंगा दोन्ही आखूड पायांचे आहेत का?

गोदाकाठ :
अर्थातच दोन्ही आखूड पायांचे आहेत, चाबो म्हटल्यावर ते वेगळे सांगायला हवे का? काही अंड्यांत सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात रक्ताचे फक्त एक कडे दिसले होते. उरलेल्यांपैकी काहींत पूर्ण वाढलेली, ओलीचिंब पिल्ले मेलेली निघाली. आणि जी जगली त्यांतही काहींचे पाय सरळ उंच आहेत, म्हणजे विकणाऱ्याने मला भेसळीचे पक्षी दिले आहेत हे उघड आहे. त्याच्याशी मी बोलणारच आहे.

निवृत्त पर्यवेक्षक :
बोलण्याआधी हे वाचावे. चाबोचे आखूड पाय एका प्रभावी जनुकामुळे येतात. या जनुकाची एक प्रत मिळाली की पाय आखूड होतात, मात्र आई आणि बाप दोघांकडून एकेक मिळून दोन प्रती झाल्या, तर गर्भ अंड्यातच मरतो, बहुधा पहिल्या आठवड्यातच. रक्ताचे कडे सातव्या दिवसाआधीच्या मृत्यूची खूण असते, म्हणून त्यांतली बरीच अंडी या हिशेबातली असावीत. आखूड पायांचे नर-मादी एकत्र ठेवले, की फलित अंड्यांपैकी सरासरी चौथा हिस्सा असा जातो, निम्म्यांतून आखूड पायांची पिल्ले येतात आणि उरलेल्या चौथ्या हिश्श्यातून उंच पायांची. त्यामुळे केवळ उंच पायांवरून भेसळ ठरत नाही, आणि जगातले कोणतेही यंत्र तो पहिला चौथा हिस्सा वाचवू शकत नाही. शेवटी मेलेली ओली पिल्ले हा वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी सिन्नरकरांचे म्हणणे ऐकावे.

उबवणी :
मग उंच पायांची पिल्ले सरळ काढून टाकावीत. जातिवंत ठेवायचे असेल तर दयामाया उपयोगाची नाही.

निवृत्त पर्यवेक्षक :
उलट, उंच पायांच्या तलंगाच ठेवाव्यात. आखूड पायांचा कोंबडा आणि त्याच जातीची उंच पायांची मादी अशी जोडी लावली, तर निम्मी पिल्ले आखूड आणि निम्मी उंच पायांची येतात, आणि या जनुकामुळे एकही गर्भ मरत नाही. फक्त त्या याच कोंबड्याच्या मुली असतील, तेव्हा पुढे दुसऱ्या घरचा कोंबडा आणणे बरे.

लसटोचक :
मानमोडी (राणीखेत) रोगाची लस दिली का, याबद्दल कोणीच विचारले नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्यावी आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा द्यावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, कारण कुपी फोडली की उरलेली लस टिकत नाही. शेजारीपाजारी कोंबड्या असतील तर एकाच दिवशी देणे परवडते.

अंगणातली :
आणि गच्चीवर पाणी साचू देऊ नका. या कोंबड्यांचे पोट जमिनीला टेकते, ओल्या गादीवर पिसे कुजतात. तुसाचा जाड थर द्या आणि रोज हलवा. खुडूक कोंबडीबद्दल मी अजूनही ठाम आहे.

गोदाकाठ :
ठीक आहे. तापमापक आजच खाली आणतो आणि एक भांडे रिकामे करतो. उंच पायांच्या तलंगा वयात यायला अजून पुष्कळ महिने आहेत, तोपर्यंत कोंबड्याला गावरान मादी दिली तर चालेल का?

निवृत्त पर्यवेक्षक :
चालेल, पण पिल्ले चाबो राहणार नाहीत, आकार तर पहिल्याच पिढीत वाढेल. त्यापेक्षा सध्याचीच अंडी बसवावीत आणि चौथा हिस्सा जाणार हे धरूनच मोजावे. साठवलेली अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, टोकाची बाजू खाली ठेवावी.

द्राक्षबाग :
उंच पायांचे नर निघाले आणि देणार असाल, तर ओझरपर्यंत येऊन घेऊन जाईन. नातवाला हवे आहेत.